टॉवरचा पाटकरी

मी द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. अर्थशास्त्र हा माझा विशेष विषय. अशा मुलीने मोबाइलच्या टॉवरवर लेख लिहावा हे विज्ञान शाखेतील मित्रांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. परंतु टॉवरविषयी मला जो प्रश्न पडला तो विजेचा नसून वाटपाचा होता, आणि वाटप हा आमचा प्रांत आहे. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द मराठीच्या सरांना प्रिय आहे. पण माझ्या आबांना तो कळणार नाही, आणि हा लेख मला त्यांनाही वाचून दाखवायचा आहे. म्हणून मी सरळ मोबाइलच म्हणते.

प्रश्न कसा पडला ते आधी सांगते. माझे गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. शिक्षणासाठी मी जळगावला मामांकडे राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणता अर्ज कधी भरायचा, कोणता दाखला कुठे लागतो, हे सांगणारे घरात कोणी नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी गावी होते आणि एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख त्याच सुटीत आली. उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी दुपारी हातात पडला होता. मोबाइलवर रेंजच्या दोन काड्या दिसत होत्या. दाखला आणि गुणपत्रिका यांचे फोटो काढून पाठवायचे, एवढेच काम. संध्याकाळी सहापासून मी ओट्यावर, मग गच्चीवर, मग देवळाच्या पारावर अशी फिरत राहिले. पडद्यावरचे चाक माझ्याहून जास्त फिरले. रात्री बाराला मुदत संपली. मला झोप आली नाही. दोनच्या सुमारास उगाच पुन्हा गच्चीवर गेले. तोच मोबाइल, तीच जागा, त्याच दोन काड्या. आणि पान क्षणात उघडले. त्यावर मुदत संपल्याचे लिहिले होते.

रेंज तेवढीच होती, मग सहा तासांत बदलले काय? जळगावला परतल्यावर मी हा प्रश्न मामेभावाला विचारला. तो दूरसंचार विषयातील पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, “रेंज म्हणजे टॉवरचा आवाज तुझ्यापर्यंत येतो एवढंच. तुझा नंबर किती वेळा लागतो, ते काड्यांत दिसत नाही.” या एका वाक्यावरून आमची चर्चा सुरू झाली आणि ती दोन महिने चालली. त्या चर्चेतून मला जे समजले ते इथे मांडते.

टॉवरजवळ वाटायला असते काय? ठराविक रुंदीची लहरींची पट्टी. सरकारकडून लिलावात घेतलेली ही पट्टी प्रत्येक कंपनीजवळ मोजकीच असते. चौथ्या पिढीच्या म्हणजे ४जी सेवेत २० मेगाहर्ट्झची पट्टी घेतली तर तिचे १०० लहान तुकडे होतात आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, टॉवर ठरवतो की कोणता तुकडा कोणत्या मोबाइलला द्यायचा. आपण मनात ‘एक’ म्हणेपर्यंत हा निर्णय हजार वेळा होऊन गेलेला असतो. १९३२ साली लायोनेल रॉबिन्स यांनी अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती आम्ही पहिल्याच वर्षी पाठ करतो: गरजा अनेक, साधने थोडी, आणि त्या साधनांचे उपयोग निरनिराळे. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या पेटीत हेच शास्त्र सेकंदाला हजार वेळा सोडवले जाते.

हे ऐकताना मला एकसारखी फडाची आठवण होत होती. जळगावच्या मित्रांना फड म्हणजे तमाशाचा किंवा कुस्तीचा वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे बांधून पाणी वाटण्याची एक पद्धत चालत आली. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात, आणि खालची भिजणारी जमीन तीन-चार भागांत वाटलेली असते. या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, असे ठरायचे आणि पुढच्या वर्षी पिके फिरायची. शेतकऱ्यांची वावरे बहुतेक निरनिराळ्या फडांत विखुरलेली असत. त्यामुळे पाणी कमी असलेल्या साली एखाद्या फडाला पाणी बंद केले, तरी कोणा एकावर सगळी आपत्ती येत नसे. थोडी थोडी सर्वांच्या वाट्याला यायची.

पाणी द्यायचे काम शेतकऱ्याने स्वतः करायचे नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असे. राखणीला जागल्या असे. त्यांना मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने मिळे. माझे आबा तरुणपणी पाटकरी होते. कोणाच्या वावराला किती वेळ पाणी दिले याचा हिशोब ते घड्याळावर ठेवत नसत, त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतेच. एक वावर पुरते भिजले की बारे मोडायचे आणि पाणी पुढच्या वावरात सोडायचे. पाटाच्या तोंडाशी असलेले वावर लवकर भिजते. शेपटाकडच्या वावरापर्यंत जाता जाता पाणी मातीत मुरते, धार बारीक होते, आणि तेवढ्याच जमिनीला दुप्पट वेळ लागतो. हा जादा वेळ कोणाच्या खात्यावर? आबांच्या मते सगळ्यांच्या. तोंडाशी असलेल्याने शेपटाकडच्याची वाट पाहायची. घरी परतल्यावर पणजोबा त्यांना एकच विचारायचे, “शेवटलं वावर भिजनं का?”

टॉवरच्या बाबतीतही पाणी मुरते. टॉवरपासून दूर असलेल्या, किंवा मध्ये टेकडी, घरे, झाडे असलेल्या मोबाइलकडे लहर क्षीण होऊन पोहोचते. क्षीण आवाजात बोलायचे असेल तर आपण सावकाश बोलतो, शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. टॉवरही तेच करतो. ४जीच्या मूळ कोष्टकात लहरीच्या चांगलेपणाला १ ते १५ असे क्रमांक आहेत. पंधराव्या क्रमांकाला एका चिन्हात सुमारे ५.५५ बिट इतकी माहिती भरता येते. पहिल्या क्रमांकाला फक्त ०.१५. भागाकार करून पाहा, सुमारे ३६ पट फरक येतो. टॉवरखालच्या चहाच्या टपरीवर जो फोटो एका तुकड्यात जाईल, त्यालाच माझ्या गच्चीवर ३६ तुकडे लागू शकतात. हे ३६ तुकडे कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न आबांच्या पाटावरचाच आहे.

आता एक सोपे गणित घेऊ. टॉवरवर फक्त दोनच मोबाइल आहेत असे समजा. सगळा वेळ जवळच्याला दिला तर त्याला १२ मिळतात; सगळा वेळ दूरच्याला दिला तर त्याला २ मिळतात. एकक कोणतेही धरा. वाटप कसे करावे?

पहिला विचार व्यापाऱ्याचा. एकूण उत्पन्न सर्वात जास्त हवे तर सगळा वेळ जवळच्याला द्या. एकूण १२, दूरच्याला शून्य. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

दुसरा विचार आबांचा. दोघांच्या हाती सारखेच पडले पाहिजे. मग सात भागांपैकी सहा भाग वेळ दूरच्याला आणि एक भाग जवळच्याला द्यावा लागेल. दोघांना सुमारे १.७१ मिळतील. एकूण ३.४२. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे जॉन रॉल्स आठवतील. १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात त्यांनी सर्वात तळाच्या माणसाची स्थिती सुधारेल अशीच विषमता न्याय्य मानली. आबांनी रॉल्स वाचलेले नाहीत.

तिसरा विचार वेळ सारखा वाटण्याचा. अर्धा वेळ याला, अर्धा त्याला. जवळच्याला ६, दूरच्याला १, एकूण ७. या वाटपाला ‘प्रमाणशीर न्याय’ म्हणता येईल. इथून दुसऱ्या विचाराकडे सरकायचे ठरवले तर जवळच्याचे ७१ टक्के जातात आणि दूरच्याचे ७१ टक्के वाढतात. टक्क्यांच्या हिशोबात निव्वळ लाभ काहीच होत नाही. आणखी एक खूण अशी की दोघांच्या वाट्यांचा गुणाकार येथे सर्वात मोठा येतो: सहा एके सहा. दुसऱ्या विचारात तो तीनच्याही खाली जातो आणि पहिल्यात शून्य होतो. गुणाकार मोठा करण्याची ही कल्पना जॉन नॅश यांनी १९५० साली दोन पक्षांच्या सौद्याविषयी मांडली होती. केंब्रिजचे फ्रँक केली आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७-९८ च्या सुमारास ती संदेशवहनाच्या जाळ्यांना लावून दाखवली, आणि अमेरिकेतील क्वालकॉम कंपनीच्या मोबाइल डेटासेवेत तिचा प्रत्यक्ष वापर झाला. मोबाइलच्या वाटपावरील पुस्तकांत आजही हा नियम शिकवला जातो.

वाटप किती समान आहे हे एका आकड्यात मोजण्याची एक रीतही आहे. ती १९८४ साली राज जैन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दिली. (आमच्या जळगावात जैन म्हटले की ठिबक सिंचनच आठवते, हे जैन निराळे.) सर्व वाट्यांच्या बेरजेचा वर्ग करायचा आणि त्याला, वाट्यांच्या वर्गांची बेरीज गुणिले माणसांची संख्या, याने भागायचे. आबांच्या वाटपाला पूर्ण १ मिळतो, व्यापाऱ्याच्या वाटपाला ०.५, आणि प्रमाणशीर वाटपाला ४९ भागिले ७४, म्हणजे ०.६६. निव्वळ समानतेच्या परीक्षेत प्रमाणशीर न्याय पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो असे म्हणायला हरकत नाही.

येथपर्यंत मी लहर स्थिर धरली होती. खरी लहर स्थिर नसते, ती क्षणोक्षणी वरखाली होते. एका क्षणी माझ्याकडची लहर नेहमीपेक्षा बरी असते, दुसऱ्या क्षणी शेजारच्याची. प्रमाणशीर नियमाची खरी गंमत येथे आहे. टॉवर प्रत्येकासाठी एक भागाकार करतो: या क्षणी याला किती देता येईल, भागिले आजवर याला सरासरीने किती मिळाले. ज्याचा भागाकार मोठा, त्याचा नंबर. जवळच्याला आत्ता १२ देता येतात आणि त्याला सरासरी ६ मिळत आले आहेत, भागाकार २. दूरच्याला आत्ता ३ देता येतात, आणि मिळत आला आहे १, भागाकार ३. नंबर दूरच्याचा लागला. ३ हा आकडा १२ पुढे क्षुल्लक आहे, पण दूरच्याच्या स्वतःच्या दृष्टीने हा सुगीचा क्षण आहे, आणि टॉवर त्याची तुलना शेजाऱ्याशी करत नाही, त्याच्याशीच करतो. शिवाय ज्याला बराच वेळ काही मिळाले नाही त्याची सरासरी आपोआप घसरते, भागाकार वाढतो, आणि केव्हातरी त्याचा नंबर लागतोच. हे समजले त्या दिवशी मला टॉवरविषयी एकदम आपुलकी वाटली. ती फार दिवस टिकली नाही.

कारण मी मामेभावाला विचारले, “पण माझ्याकडची लहर आत्ता बरी आहे, हे टॉवरला कोण सांगतं?”

टॉवरला ते दिसत नाही. मोबाइलला सांगावे लागते. टॉवर सतत काही ठरलेल्या खुणा पाठवत असतो. मोबाइल त्या ऐकतो, त्यावरून लहरीचा चांगलेपणा मोजतो आणि ० ते १५ मधला एक क्रमांक उलट पाठवतो. शून्य म्हणजे ‘काही ऐकू येत नाही’. एवढ्याशा क्रमांकाला चार बिट पुरतात. चार बिट म्हणजे काहीच नाही असे मलाही वाटले. तेव्हा मामेभावाने कागद पुढे ओढला. पट्टीचे तुकडे १०० आणि प्रत्येक तुकड्यावर लहर निरनिराळी. एका टॉवरवर २०० मोबाइल धरा. प्रत्येकाने प्रत्येक तुकड्याचा क्रमांक दर मिलिसेकंदाला कळवायचा म्हटले तर २०० गुणिले १०० गुणिले ४, म्हणजे ८०,००० बिट. आणि तेही दर मिलिसेकंदाला. सेकंदाला ८ कोटी बिट झाले, म्हणजेच ८० मेगाबिट. आता मोबाइलकडून टॉवरकडे जाणारी २० मेगाहर्ट्झची वाट किती रुंद असते? मूळ ४जीमध्ये, सगळे काही उत्तम असताना, सुमारे ७५ मेगाबिट. म्हणजे नुसती ख्यालीखुशाली कळवण्यातच सगळी वाट भरून, पाच मेगाबिट उणेच पडले! फोटो, आवाज, अर्ज यांना जागाच नाही.

मला हे फार विलक्षण वाटले. अर्थशास्त्रात आम्ही माहिती पुष्कळदा फुकट धरतो. ग्राहकाला सर्व किमती ठाऊक आहेत असे गृहीत धरून आकृती काढतो. येथे माहितीही त्याच पाटातून वाहते ज्यातून पाणी वाहायचे आहे. न्यायाने वाटायचे तर प्रत्येकाची स्थिती माहीत हवी, आणि प्रत्येकाची स्थिती विचारत बसले तर वाटायला काही उरत नाही. आबांनाही शेपटापर्यंत चालत जाऊन यायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ पाटाच्या तोंडाशी कोणी नसे. मग ते काय करत? तोंडाशी उभे राहून हाकेची वाट पाहत. ज्याचे वावर भिजले तो बांधावरून हाक मारी.

इंजिनियरांनीही नेमके असेच मार्ग काढले आहेत. सर्व तुकड्यांची मिळून एकच सरासरी कळवायची, हा एक. आपल्याला सर्वात चांगले असलेले थोडेच तुकडे निवडून तेवढ्यांचीच वार्ता द्यायची, हा दुसरा. दर मिलिसेकंदाला न कळवता थोड्या थोड्या वेळाने कळवायचे, हा तिसरा. प्रत्येकात काही तरी हरवते. सरासरी कळवली तर चांगला तुकडा कोणता ते कळत नाही. निवडक तुकडे कळवले तर दोघांनी एकच तुकडा मागितल्यावर एकाची पंचाईत होते.

उशिरा कळवण्यात काय हरवते ते मी जळगाव-धुळे एसटीत बसून समजून घेतले. गाडी पाळधी, एरंडोल, पारोळा करत जाते. ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर २० मिलिसेकंदांत गाडी ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. आपल्याला ते काहीच नाही. परंतु १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १७ सेंटिमीटरच्याही आत असते, आणि आसपासच्या घरांवरून, झाडांवरून, ट्रकांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून जे चढउतार होतात ते या लांबीच्या निम्म्यात, म्हणजे आठ सेंटिमीटरमध्येच बदलतात. आपल्या हाताची चार बोटे आडवी धरा, जवळपास तेवढे अंतर. मोबाइलने ‘मला आत्ता छान ऐकू येते’ असे कळवले आणि टॉवरने २० मिलिसेकंदांनी त्यावर विश्वास ठेवला, तोवर गाडी चार-पाच चढउतार ओलांडून गेलेली असते. टॉवर भरभर बोलतो, मोबाइलला कळत नाही, तो पुन्हा पाठवायला सांगतो. म्हणून गाडीत रेंज भरपूर दिसूनही गाणे अडखळते. एसटीच्या हिसक्यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी प्रथमच शिकले.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. २००४ साली डेव्हिड गेस्बर्ट आणि मोहम्मद-स्लिम अलौइनी या दोन संशोधकांनी असा प्रश्न मांडला की, एवढी सगळी वार्ता टॉवरला खरोखर लागते का? नंबर तर शेवटी उत्तम लहर असलेल्याचाच लागणार. मग ज्याची लहर सुमार आहे त्याने तोंड उघडण्याचे कारण काय? एक उंबरठा ठरवावा. ज्याची लहर उंबरठ्याच्या वर असेल त्यानेच बोलावे, बाकीच्यांनी गप्प राहावे. हिशोब करता असे दिसते की उंबरठा नीट निवडला तर वार्तेचा भार पुष्कळच उतरतो आणि एकूण उत्पन्न मात्र फारसे घटत नाही. कधी कोणीच उंबरठ्याच्या वर नसतो. तेव्हा टॉवर आंधळेपणाने कोणालाही देतो, पण हे क्वचित.

कल्पना सुंदर आहे. पण उंबरठा सर्वांना एकच ठेवला तर काय होईल पाहा. टपरीवरचा मोबाइल वरचेवर उंबरठ्याच्या वर असतो. गच्चीवरचा माझा मोबाइल क्वचितच, किंवा कधीच नाही. मग तो बोलतच नाही. बोलत नाही म्हणून टॉवरला तो दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याचा भागाकार कितीही मोठा झाला तरी तो मांडणार कोण? वाटपाचा नियम न्यायाचाच राहिला, मात्र अन्याय एक पायरी आधीच, विचारपूस करतानाच होऊन गेला. कागदावर तो कोठेच दिसणार नाही, कारण न बोललेल्यांची नोंद होत नाही.

यावर उपायही आहे आणि तो अवघड नाही. उंबरठा प्रत्येकाचा स्वतःचा ठेवायचा. शेजाऱ्याच्या तुलनेत माझी लहर कशी आहे हे पाहायचे नाही. माझ्याच नेहमीच्या सरासरीच्या तुलनेत आत्ता बरी आहे का, एवढेच पाहायचे. मग जवळचा आणि दूरचा दोघेही सारख्याच वेळा बोलतील, कारण स्वतःच्या सरासरीच्या वर जाण्याचे क्षण साधारणपणे दोघांनाही सारखेच येतात. वार्तेचा भार तेवढाच हलका राहतो. भागाकाराचा जो नियम नंबर लावताना वापरला, तोच बोलण्याची परवानगी देतानाही वापरायचा, इतकेच.

माझ्या गावच्या टॉवरमध्ये कोणता नियम आहे हे मी सांगू शकत नाही, आणि हे माझ्या अज्ञानामुळे नाही. मोबाइल सेवेचे जागतिक मानक ज्या पुस्तकांत लिहिलेले असते त्यांत वार्तेचे स्वरूप ठरवून दिले आहे: क्रमांक किती, बिट किती, किती वेळाने. नंबर कसा लावायचा हे मात्र त्यात ठरवलेले नाही. ते यंत्र बनवणाऱ्यावर सोडले आहे, आणि प्रत्येकाची रीत ही त्याची व्यापारी गुपिते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे आलेल्या ५जीतही आकडे बदलले, ही सवलत बदललेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपली सेवा कोठे पोहोचते त्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. चांगली गोष्ट आहे. पण नकाशावर रेंज रंगवता येते, नंबर रंगवता येत नाही. आमच्या फडाचे नियम लेखी नव्हते, तरी पाटकरी कसा वाटतो हे बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत होते. फडाची पद्धत आता पुष्कळ गावांत मोडली आहे. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले, वर धरणे झाली. ती जशीच्या तशी चांगली होती असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता, आणि बायकांना तर कोणी विचारतच नव्हते.

एक शंका मात्र मनातून जात नाही. प्रमाणशीर न्याय मला बुद्धीने पटतो. केवळ माझ्या गच्चीसाठी टॉवरने ३६ पट वेळ घालवावा आणि त्यापायी बाजारपेठेतील पन्नास जणांचे काम अडावे, असे मी म्हणणार नाही. दोघांना वेळ सारखा मिळाला, यात तक्रारीला जागा नाही. पण ६ मिळालेल्याचा आणि १ मिळालेल्याचा अर्ज सारख्याच आकाराचा होता. दाखल्याचा फोटो तेवढाच, गुणपत्रिका तेवढीच, आणि मुदतही दोघांना रात्री बाराचीच. वेळ सारखा वाटणारा नियम आणि सारखीच मुदत ठेवणारा नियम, हे दोन्ही स्वतंत्रपणे न्यायाचे आहेत. एकत्र आले की शेपटाकडच्याचे वावर कोरडे राहते. टॉवर बनवणाऱ्याने मुदतीचा विचार केलेला नसतो, आणि मुदत ठरवणाऱ्याने टॉवरचा. अर्थशास्त्राच्या मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मुदत ठरवणाऱ्यांना कळव ना.” मी पत्र लिहिले आहे. फोटोचा आकार लहान चालावा, आणि अर्धवट चढलेला अर्ज जिथे तुटला तिथून पुढे सुरू व्हावा, एवढ्या दोनच गोष्टी त्यात मागितल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा आबांना हे सगळे समजावून सांगितले. भागाकाराचा नियम त्यांना लगेच कळला. उंबरठ्याची गोष्ट सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की त्यांच्या वेळी शेपटाकडे एका म्हाताऱ्या बाईचे वावर होते. तिचा आवाज तोंडापर्यंत पोहोचत नसे. तिच्या नंबराला ते हाकेची वाट न पाहता स्वतः चालत जात.

मी वहीत एक तक्ता केला आहे. आमच्या गच्चीवरून कोणत्या वेळी एक फोटो जायला किती मिनिटे लागतात, याची सुटीतल्या नऊ दिवसांची नोंद त्यात आहे. सायंकाळी सात ते अकरा सर्वात वाईट. पहाटे चार ते सहा सर्वात चांगले. गावातल्या बारावीच्या चार मुलींनी तो उतरवून घेतला आहे. यंदाचा अर्ज आम्ही पाचही जणी पहाटे भरणार आहोत, शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी.